नाव घेऊन लिहू नये

६ नोव्हेंबर

निकिता आज धाराशिवला कॉलेजला परत गेली. माझी नात म्हणून सांगत नाही, पण पोरगीनं एकदा मनावर घेतलं की ती सोडत नाही. डॉक्टर मला म्हणाले होते, "आजोबा, छातीत काही नाही, सगळं डोक्यात आहे. डोक्यातलं वहीत लिहून काढत जा आणि डोकं कशात तरी गुंतवा." दिवाळीच्या सुट्टीत तिनं ही वही आणली आणि माझ्या फोनात बुद्धिबळ घालून दिलं. 'चौसष्ट घरं' नावाचा आपल्या जिल्ह्यातल्या खेळणाऱ्यांचा एक गट फोनवरच चालतो. त्यातही मला घातलं. तिथं माझं नाव 'बब्रुवान माकणी'.

माझं शिक्षण सातवी नापास. पण बुद्धिबळ मला येतं. पन्नास वर्षं माकणीच्या पारावर खेळलोय.

गटाचे सात नियम आहेत. निकितानं सगळे वाचून दाखवले. पहिले तीन वाचत होती तेव्हा गॅस बंद केला की नाही हे मला आठवत नव्हतं, त्यामुळं ते डोक्यात शिरले नाहीत. उठून बघून आलो. बंद होता. मग चौथा नीट ऐकला. कुणी खेळाडू लबाडी करतो असं वाटलं तर गटात त्याचं नाव घेऊन लिहू नये. डावाचा क्रमांक देऊन पंचांना खाजगीत कळवावं.

हे मला पटलं नाही. आमच्याकडं कुणाच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली तर आधी पारावर नाव घेतात, मग पोलिसात जातात. निम्मे चोर नावाला भिऊनच मोटार परत आणून टाकतात. नावच घ्यायचं नाही म्हटल्यावर चोराला भीती कशाची? हा नियम एखाद्या चोरानंच केलेला असणार. तसं म्हणालो तर निकिता म्हणाली, "आबा, तुमाला कुठं चोर धरायचाय? निवांत खेळा की."

निवांत कसा खेळू? तिची एस.टी. नीट पोचली का, ते अजून कळलेलं नाही.

९ नोव्हेंबर

सकाळी फाट्यावरच्या नागम्माच्या हॉटेलात दोन डाव खेळलो, दोन्ही जिंकले. संध्याकाळी घरी दोन खेळलो, दोन्ही हरलो. पोचली होती निकिता. सांगायचं विसरली होती.

१४ नोव्हेंबर

आठ दिवसांचा हिशेब मांडला. हॉटेलात अकरा डाव, नऊ जिंकले. घरी दहा डाव, एक जिंकला, तोही समोरच्याचा फोन बंद पडला म्हणून. कारण माझ्या लक्षात आलंय. फाट्यावर टॉवर जवळ आहे, रेंज भरपूर असते. घरात रेंज कमी, त्यामुळं माझी चाल तिकडं जाईपर्यंत शिळी होत असणार.

हॉटेलात मन लागतं हेही आहे. सिद्धाराम असतो. तीस वर्षं एस.टी. चालवून रिटायर झाला, पण अजून फाट्यावर आल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एस.टी.ची वाट बघणारे चार जण वाकून बघतात. नागम्मा चहा गाळता गाळता बघते. ती कर्नाटकातली, आळंदकडची, तिच्या बापाला बुद्धिबळाचा नाद होता म्हणे. मी घोड्याला हात लावला की ती "ब्याड, ब्याड" करते. ब्याड म्हणजे नको. मग म्हणते, "आप्पा, घोडं र्‍हाऊ द्या. तो उंट कोपऱ्यात बसून झोपा काढायलाय, त्याला उठवा आदी."

मी तेच करणार होतो. ती फक्त आधी बोलते.

१७ नोव्हेंबर

आज माझ्यावर दरोडा पडला.

संध्याकाळी घरी डाव लागला, समोर 'रणधीर नळदुर्ग'. मी चांगला खेळत होतो. फोनातल्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या वेळी दोन घरं चालतं, पारावर एकच चालतं. मी एक प्यादं दोन घरं पुढं टाकलं. त्याचं प्यादं माझ्या प्याद्याच्या शेजारी उभं होतं. शेजाऱ्याला शेजारी मारत नाही, एवढं लहान लेकराला कळतं. तर त्याचं प्यादं तिरकं सरकून मागच्या रिकाम्या घरात गेलं आणि माझं प्यादं पटावरून नाहीसं झालं. कुणी हात लावला नाही न् गेलं. मी ओरडलो.

बायको, धुरपदा, चुलीपुढून पळत आली. "काय झालं, कोन गेलं?"

"प्यादं गेलं."

"मी म्हनलं बैल गेला," म्हणाली आणि भाकरी जळली म्हणून माझ्यावरच चिडली.

१८ नोव्हेंबर

जेवण गोड लागेना. पंचांना खाजगीत कळवायचं म्हणजे काय? पंच आणि चोर एकाच ताटात जेवत असतील तर? शेवटी दुपारी गट उघडला. मी बोलतो आणि फोन लिहितो, अशी सोय निकितानं करून दिली आहे. बोललो, "रणधीर नळदुर्ग हा लबाड आहे. त्यानं काल माझं प्यादं चोरलं. सर्वांनी सावध राहावं. बब्रुवान माकणी."

पाठवलं आणि लगेच पस्तावलो. परत घ्यायचं कसं ते माहीत नव्हतं. फोन उशीखाली घातला. पाच मिनिटांनी बघितलं तर माझं लिखाण गायब, आणि खाजगीत एक पत्र. गटाच्या पंच दैवशालाताई. "आप्पा, नमस्कार. नियम चौथा. सात दिवस तुम्हाला गटात लिहिता येणार नाही, खेळता येईल. तक्रार असेल तर डावाचा क्रमांक मला द्या."

बघा. चोर मोकळा आणि ओरडणारा कोंडवाड्यात.

१९ नोव्हेंबर

निकिताचा फोन. ती चाल खरी आहे म्हणे. दोन घरं उडी मारून शेजाऱ्याला चुकवून जायला बघितलं, तर तो पुढच्याच चालीत असं मारू शकतो. शेकडो वर्षांचा नियम आहे म्हणाली.

"मग मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगत व्हते आबा. तुमी दाराची कडी बघाय उठला व्हता."

असेल. त्या दिवशी कडीही बघितली होती.

२३ नोव्हेंबर

सिद्धाराम भाच्याकडं नळदुर्गला जाऊन आला. चहा पिता पिता म्हणाला, "बब्रू, तुझा त्यो रणधीर बघितला. हायवेला पंक्चरचं दुकान हाय. पोटापुरता धंदा, मानूस सरळ हाय. तुझं लिहिलेलं कुनीतरी फोटो काढून ठिवलं व्हतं. पार धाब्यापतूर गेलंय. ट्रकवाले आता त्याला नावानं हाक मारीत न्हाईत."

"मग?"

"प्यादंचोर म्हनतेत. 'ए प्यादंचोर, हवा बघ रे.' ट्यूबला तीन पंक्चर निघाली तर गिऱ्हाईक म्हनतंय, दोन तू पाडली असशील."

नागम्मानं चहा थोडा जास्तच आपटून ठेवला.

मी म्हणालो, मला तरी कुठं माहीत होतं.

२६ नोव्हेंबर

गटात लिहायची बंदी काल उठली. माफी मागावी असं मनात आलं. पण आता विषय थंड झाला असेल, उगाच उकरून काढल्यासारखं होईल. उद्या बघू.

३ डिसेंबर

उद्या बघू म्हणता म्हणता आठ दिवस गेले. मधल्या काळात मोठी गोष्ट झाली. गटातल्या डावांवरून चालणाऱ्या जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेत मी पहिल्या आठात आलोय. पंचवीस तारखेला धाराशिवला हॉलमध्ये समोरासमोर डाव आहेत. आठ जणांची नावं तिथंच वाचून दाखवणार, तोपर्यंत गटात जाहीर करणार नाहीत. आपल्याला मात्र खाजगीत कळवलंय. मी फक्त सिद्धारामला सांगितलं. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: 'माकणीचे भूषण श्री. बब्रुवान आप्पा यांची जिल्हास्तरीय बुद्धिबळ स्पर्धेसाठी निवड.' खाली पाणीपट्टी भरण्याची सूचना.

तीन वेळा तिकडून गेलो. चौथ्यांदा धुरपदा म्हणाली, "पाय मोडतील. फळा पळून चाललाय व्हय?"

निकिताला फोन करून सांगितलं. वाटलं होतं नाचेल. ती म्हणाली, "आबा, सकाळी तुमी खेळता तवा शेजारी कोन असतं?"

"कोन न्हाई. नेहमीचेच. सिद्धाराम, नागम्मा, एस.टी.ची मानसं."

"ते बोलतेत का मधी?"

"तोंड हाय म्हंल्यावर बोलनारच."

ती मग म्हणाली, "धाराशिवला हॉलात एकट्यानं बसावं लागंल. सगळ्यांसमोर. मागं कुनी उभं बी र्‍हानार न्हाई."

"मग काय झालं? शहरात रेंज चांगली असती."

मग तिनं माझ्या चार डावांचे क्रमांक मागून घेतले. दोन सकाळचे, दोन संध्याकाळचे. मैत्रिणींना कौतुकानं दाखवायचे असतील.

९ डिसेंबर

दैवशालाताईंचं खाजगी पत्र. अक्षरं हलायला लागली म्हणून पाणी पिऊन दोनदा वाचलं.

"आप्पा, तुमच्या डावांबद्दल माझ्याकडे विचारणा आली आहे. तुमचे सकाळचे डाव आणि संध्याकाळचे डाव एकाच माणसाचे वाटत नाहीत. सकाळी तुम्हाला कुणाची मदत असते का? शांतपणे उत्तर द्या. हे फक्त तुम्ही, मी आणि विचारणा करणारी व्यक्ती यांच्यात आहे."

सत्तरीत मला कुणी लबाड म्हणालं. पन्नास वर्षांत प्यादं सरकवलं नाही की कुणी लघवीला गेलं म्हणून हत्ती फिरवला नाही. हे काम रणधीरचं. सूड घेतोय.

१० डिसेंबर

सकाळी ताईंना उत्तर पाठवलं. सगळा पुरावा दिला. असं बोललो:

"मी लबाडी करतच नाही, कारण मी एकटा कधी खेळतच नाही. सकाळच्या प्रत्येक डावाला पाच-सहा साक्षीदार असतात. सिद्धाराम, रिटायर एस.टी. ड्रायव्हर, एकही अपघात नाही. नागम्मा, हॉटेल चालवते, सगळा गाव तिला ओळखतो. कुठलं मोहरं हलवायचं ते हेच लोक मला सांगतात, त्यामुळं त्यांना प्रत्येक चाल तोंडपाठ आहे. पाहिजे तर फोन करून विचारा. संध्याकाळी मात्र घरी कुणी नसतं, तेव्हाची खात्री कुणी देणार नाही. पण तेव्हा मी हरतो."

एवढा पक्का जबाब कोर्टातही कुणी दिला नसेल. मन हलकं झालं.

११ डिसेंबर

ताईंचा फोनच आला. आवाज शाळेतल्या बाईंसारखा. आधी मला वाटलं त्यांना सर्दी आहे, मग कळलं की हसू दाबतायत.

म्हणाल्या, "आप्पा, तुमच्याइतका प्रामाणिक कबुलीजबाब मला कुणी दिला नव्हता."

"कबुली कशाची?"

मग त्यांनी समजावलं. पारावर डाव दोघांचा असला तरी अक्कल सगळ्या गावाची असते. दोन्हीकडून लोक सांगतात, म्हणून ते फिटतं. इथं समोरचा आपल्या घरी एकटा बसून खेळतो. त्याला वाटतं पलीकडंही एकच माणूस आहे. आणि पलीकडं सहा जण असतात, चहासकट. तो दुसरा नियम आहे. निकितानं वाचला होता, तेव्हा मी गॅस बघत होतो.

मी विचारलं, "रेंजचा काहीच संबंध न्हाई का?"

"नाही आप्पा."

सकाळचे जिंकलेले डाव काढून टाकणार. आठातली माझी जागा गेली. मी म्हणालो, आता माझं नाव गटात लिहिणार असाल. त्या म्हणाल्या, "कशाला? जागा रिकामी झाली, एवढंच लिहीन. नियम चौथा तुम्हालाही लागू आहेच की."

तक्रार कुणी केली ते विचारलं. तेही सांगत नाहीत म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर बराच वेळ ओसरीवर बसलो. धुरपदानं विचारलं, "आता काय गेलं?"

उठून बैलाला वैरण टाकली.

१३ डिसेंबर

हॉटेलात गेलो, फोन खिशातच ठेवला. सिद्धाराम म्हणाला, "काड की, आज कोन हाय बकरा?" मग सांगावं लागलं.

सिद्धारामला ते मुळीच पटलं नाही. "आमी काय फुकट सांगितलं व्हय? चा पिऊन सांगितलं."

नागम्माला मात्र लागलं. तिनं पदरानं हात पुसले. "म्हंजे आप्पा, मी लबाड झाले व्हय? महिना झाला, चुलीपुढं हुबी र्‍हाऊन मी कुनाकुनाला हरवलं, त्या समद्यांला मी फसवलं?"

"तू न्हाईस. नाव माझं व्हतं."

"हां. जिंकायला नाव तुमचं, आन् अक्कल माजी." मग तिचं तिलाच हसू आलं. "पन चांगली हाय न्हवं अक्कल?"

पहिल्या आठात बसणारी आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. 'मी तेच करणार होतो' असं मी या वहीतही लिहिलंय. खोडायला गेलो, पण डॉक्टर म्हणाले होते खोडू नका.

फळ्यावर अजून भूषण आहे. पाणीपट्टीची सूचना पुसली, माझी तशीच ठेवली.

१६ डिसेंबर

ताईंनी गटात लिहिलं, 'आठपैकी एक जागा रिकामी झाली आहे.' बाकी एक शब्द नाही. त्यांनी शब्द पाळला. मी सुटलो.

पण लोकांचं तोंड कसं धरणार? दुपारी सिद्धारामला भाच्याचा फोन आला. नळदुर्गच्या धाब्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलंय की गळालेला माणूस रणधीरच. 'प्यादंचोर शेवटी सापडला.' रणधीर आठातच आहे, हे त्यानं फक्त भाच्याला सांगितलंय, पण नावं जाहीर करायची नाहीत म्हणून तो बिचारा धाब्यावर काही बोलत नाही. एका ट्रकमालकानं टायरचं काम दुसरीकडं दिलं.

म्हणजे चोरी माझी, आणि मीच चिकटवलेल्या नावामुळं ती त्याच्या अंगावर. मी गप्प बसलो तर पंचवीस तारखेपर्यंत तो चोर. तोपर्यंत दुकानाचं काय होईल? आणि बोललो तर फळ्यावरच्या माणसाचं काय होईल?

निकिताला फोन केला. म्हणालो, "ज्यानं माझी तक्रार केली ना, तो मला एकदा घावला पायजे."

"घावला तर काय करनार आबा?"

"ते ठरवलं न्हाई. पन विचार करतोय, त्यानं ती केली नसती तर हॉलात दोनशे मानसांसमोर मी बसलो असतो, पाठीमागं नागम्मा नसती, आन् धा मिनिटात माझं धोतर सुटलं असतं."

मग निकिता नाक ओढत म्हणाली, "जेवलात का?"

थंडी पडलीय, पोरीला सर्दी झाली असेल. स्वेटर पाठवला पाहिजे.

१८ डिसेंबर

नळदुर्गला गेलो. सिद्धाराम सोबत होता. सगळ्या वाटेत तो ड्रायव्हरच्या चुका काढत होता, त्यामुळं मला घाबरायला सवड मिळाली नाही.

रणधीर पस्तिशीचा असेल. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत होता. तीन ट्रकवाले बाकड्यावर. मी ठरवून गेलो होतो की त्याला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. पण नाव तर मी त्याचं चव्हाट्यावर घेतलं होतं. तोंड उघडलं आणि आवाज मोठाच निघाला.

"मी बब्रुवान, माकणीचा. ह्यांनी माझं प्यादं चोरलं नव्हतं. मला चाल म्हाईत नव्हती. आन् आठातून जो गळाला त्यो मी हाय, हे न्हाईत."

बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "आजोबा, मग तुमी काय चोरलं?"

"नागम्माची अक्कल," सिद्धाराम म्हणाला. मी त्याला कोपर मारलं.

रणधीरनं हात पुसले, मला बाकड्यावर बसवलं आणि चहा सांगितला. म्हणाला, "आप्पा, एवढं यायची काय गरज व्हती? फोन करायचा."

"तू माझी तक्रार केलीस का रे?"

"मी कशाला करू? तुमी माझ्याशी हरला व्हता."

हे खरं होतं. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. मग तक्रार केली कुणी? माझे चार डाव, दोन सकाळचे, दोन संध्याकाळचे, एवढे निरखून बघणारं माझ्या ओळखीत तर कुणी नाही.

येताना ग्रामपंचायतीसमोर उतरलो. फळ्यावरचं नाव स्वतः पुसलं. सरपंच दारात उभे होते. म्हणाले, "काय आप्पा?" सांगितलं. ते म्हणाले, "मग पाणीपट्टीचं पुन्ना लिहू का तिथं?" मी म्हणालो, लिहा. जीव एवढा दडपला होता, आणि गावाला एवढंच पडलं होतं.

१९ डिसेंबर

पण नळदुर्ग म्हणजे तीन ट्रकवाले आणि एक बाकडं. गटात चारशे जण आहेत. माझं पहिलं लिखाण जिथं गेलं होतं तिथं दुसरं गेल्याशिवाय बरोबरी होत नाही. जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो. धुरपदाला समोर बसवलं, म्हणजे माघार घेता येणार नाही. बोललो:

"मी बब्रुवान माकणी. आठातली रिकामी जागा माझी आहे. रणधीर नळदुर्ग यांचा त्यात काही संबंध नाही. त्यांनी माझं प्यादं कधीच चोरलं नाही. लबाडी झाली ती माझ्याकडून. सर्वांनी माफ करावं."

धुरपदा म्हणाली, "पाठवा आता. बगताय काय?"

पाठवलं. फोन उशीखाली घातला नाही, हातातच धरला. एक जण वाचतोय, दोन, दहा, तीस. हळूहळू आकडा शंभरावर गेला. कुणी नमस्कार पाठवले, कुणी फूल. रणधीरनं एक प्यादं पाठवलं. फोनात तसं चित्र असतं, हे मला माहीत नव्हतं.

पाऊण तासानं सगळं गायब झालं. खाजगीत दैवशालाताईंचं पत्र:

"आप्पा, नियम चौथा. लबाडीचा आरोप गटात कुणाचंही नाव घेऊन करायचा नाही. त्यात तुमचं स्वतःचं नावही आलं. सात दिवस गटात लिहिता येणार नाही. संदेश काढायला आज मला थोडा उशीर झाला, क्षमस्व."

धुरपदाला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. यात हसण्यासारखं काय आहे? मागच्या वेळी ताईंनी पाच मिनिटांत काढलं होतं. आज पाऊण तास लागला, तोपर्यंत तीनशे जणांनी वाचलं. पंचानंच अशी ढिलाई केली तर नियम टिकणार कसे? याची तक्रार करायला हवी. नाव न घेता, खाजगीतच करीन. पण पंचाची तक्रार कुणाकडं करायची, ते सात नियमांत कुठंच दिलेलं नाही. आज सगळे सातही नीट बसून वाचले.